आग्वादचा दिवा आणि पणजीची घंटा

मांजलपूर ही बडोदे शहराच्या दक्षिण अंगाची वस्ती. येथून समुद्र दिसत नाही, त्याची गाज ऐकू येत नाही आणि खारा वाराही येथवर पोहोचत नाही. शहरातून विश्वामित्री नदी वाहते. तिच्यात मगरी आहेत, पण गलबते नाहीत. नोकरीधंद्याच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. मुलांना येथील शाळा, येथील बाजार आणि येथील भाषा आपलीशी झाली आहे. परंतु वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माझ्या आईला इतक्या वर्षांनंतरही या कोरड्या मुलखात एका गोष्टीची उणीव भासत राहिली. दिवेलागण होऊन घरातील जपमाळ आटोपली, की ती गच्चीवर जाई आणि पश्चिमेकडे तोंड करून बसे.

"आजी, तिकडे काय पाहतेस?" असे माझ्या मुलाने एकदा तिला विचारले.

"दिवा," ती म्हणाली. "आग्वादचा."

आमच्या शेजारच्या गुजराती भगिनी तेव्हा गच्चीवरच होत्या. त्यांच्या भाषेत दीपगृहाला 'दीवादांडी' म्हणतात. मोठा सरळ, घरगुती शब्द आहे. बडोद्यात दीवादांडी कशी दिसेल, असे म्हणून त्या हसल्या. तसे पाहता बडोद्याचा समुद्राशी अगदीच संबंध नव्हता, असे नाही. गायकवाडांच्या संस्थानात ओखामंडळाचा मुलूख मोडत असे, आणि त्यात द्वारकेचा किनारा होता. द्वारकेस आजही दीपगृह आहे. मी आईला म्हटले, "चल, तुला द्वारकेचा दिवा दाखवतो." तिने मान हलवली. तिला दुसरा दिवा नको होता.

त्याचे कारण असे. आईचे वडील, ज्यांना ती आमच्याकडील रिवाजाप्रमाणे 'पाय' म्हणते, ते किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. १९५० च्या सुमारास, आई नऊ वर्षांची असताना, त्यांनी तिला एकदा बोटीने वेंगुर्ल्याहून पणजीस नेले. पहाटेपूर्वीचा काळोख होता. लाटांनी पोर घाबरली होती. तेव्हा पायांनी तिला उचलून कठड्यापाशी नेले आणि दूरवर उजळणारा नि मावळणारा एक ठिपका दाखवला. ते म्हणाले, "तो आग्वाद. तो आपल्याला ओळखत नाही, पण आपण त्याला ओळखतो. आता भिऊ नकोस." पुढे पाय लवकर गेले. त्यांचे छायाचित्र घरात नाही. आईपाशी त्यांची म्हणून जी मोजकी स्मृती उरली, तिच्यात हा दिवा आहे.

गेल्या वर्षी नेत्रवैद्यांनी आम्हांस सांगितले की, आईचा काचबिंदू बळावला आहे. गेलेली दृष्टी परत यायची नाही, उरलेली जपावी. त्या रात्री आई जेवताना एवढेच म्हणाली, "दिसते आहे तोवर एकदा तो दिवा पाहून घेतला असता." नाताळचे दिवस उरकताच आम्ही चौघे, आई, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि मी, गोव्यास निघालो.

वसईवरून

गुजरातेतून कोकण रेल्वेने गोव्यास जाणारी गाडी वसई रोडवरून पनवेलकडे वळते. १९९८ साली हा लोहमार्ग सलग खुला झाल्यापासून आम्हां बडोदेकरांस मुंबईत गाडी बदलण्याची यातायात उरलेली नाही. वसई आली तेव्हा रात्र होती. खिडकीबाहेर काळोखाखेरीज काही नव्हते, तरी आईने क्रूसाची खूण केली.

वसईचे नाव निघाले की घंटांची आठवण होतेच. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, त्यानंतर तेथील चर्चांच्या घंटा मराठी सरदारांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरास, वाईजवळच्या मेणवलीस त्या आजही टांगलेल्या आहेत, आणि तेथील भाविक त्या वाजवतात. माणसाप्रमाणे घंटेलाही गाव सोडावे लागते, हे आम्हां किनाऱ्याच्या लोकांस नवे नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आणखी एका घंटेशी आपली गाठ पडणार आहे.

सकाळी बोगद्यांमागून बोगदे आणि नद्यांमागून नद्या ओलांडीत गाडी गोव्यात शिरली. उत्तर गोव्यास जाणाऱ्याने थिवी स्थानकावर उतरावे. तेथून म्हापसा, मग कांदोळी, मग शिकेरी, आणि शिकेरीच्या पुढे रस्ता टेकडी चढू लागतो. त्या टेकडीच्या माथ्यावर आग्वादचा किल्ला आहे.

पाण्याचा किल्ला

'आग्वाद' या नावाचे मूळ पोर्तुगीज भाषेतील 'आग्वा', म्हणजे पाणी, या शब्दात आहे. लिस्बनहून वसंत ऋतूत निघालेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यास येत. सहा महिन्यांच्या प्रवासात पिंपातील पाणी कुजलेले असे आणि खलाशी रोगाने खंगलेले असत. या टेकडीवर गोड्या पाण्याचा झरा होता. त्यांच्या दृष्टीने गोव्याचे पहिले दर्शन म्हणजे ताजे पाणी. म्हणून ही जागा 'आग्वादा', पाणी भरून घेण्याचे ठिकाण.

सतराव्या शतकाच्या आरंभी डच आरमार या समुद्रात उतरले आणि मांडवी नदीच्या मुखाला धोका निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून १६१२ साली हा किल्ला बांधून पुरा करण्यात आला. तो जांभ्या दगडाचा आहे. त्याचे दोन भाग आहेत. खालचा भाग पाण्यालगत, जहाजांना आसरा देणारा. वरचा भाग माथ्यावर, कोरड्या खंदकाने वेढलेला. वरच्या भागाच्या फरसबंद अंगणाखाली एक प्रचंड हौद आहे. त्याचे छत सोळा खांबांनी तोलून धरले आहे, आणि त्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावत असे, असे सांगतात. आपण त्या विस्तीर्ण अंगणात उभे राहतो तेव्हा पायांखाली हौद आहे, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. पुढे डचांनी गोव्याच्या मुखाची वर्षानुवर्षे नाकेबंदी केली, तरी हा किल्ला त्यांच्या हाती गेला नाही.

किल्ल्याचा खालचा भाग पुढे तुरुंग म्हणून वापरात आला. त्याचाही उल्लेख केल्यावाचून पुढे जाऊ नये. गोव्याच्या स्वातंत्र्याचे आद्य पुरस्कर्ते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ साली याच आग्वादमध्ये कोंडण्यात आले होते. तेथून त्यांना पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. त्याच वर्षी डॉ. राममनोहर लोहिया यांनाही येथे ठेवले होते. हा तुरुंग आता बंद झाला असून २०२१ साली तेथे संग्रहालय उघडण्यात आले. माथ्यावर दिवा आणि पायथ्याशी अंधारकोठडी, असे दृश्य या टेकडीने पुष्कळ वर्षे पाहिले. दिवा येणाऱ्या प्रत्येक जहाजाला वाट दाखवीत होता, आणि खालच्या कोठडीतील माणसाला समुद्राचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

जुना मनोरा

वरच्या किल्ल्यात शिरताच समोर दिसतो तो जुना दीपस्तंभ. गोल, बुटका, भक्कम. अंगाने मजल्यामागून मजला चढवलेला. छायाचित्रांत पाहून ज्यांनी तो गगनचुंबी असेल अशी कल्पना केली, त्यांची थोडी निराशाच होईल. परंतु दीपगृहाची उंची जमिनीपासून मोजायची नसते, समुद्रापासून मोजायची असते. टेकडीनेच त्याला उचलून धरले आहे. हा मनोरा १८६४ साली उभा राहिला. आरंभी त्यात तेलाचा दिवा जळत असे.

दीपगृहाची कल्पना फार प्राचीन. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरासमोर फारोस नावाच्या बेटावर एक महामनोरा बांधण्यात आला. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना होत असे, आणि त्या बेटाच्या नावावरूनच पोर्तुगीज भाषेत दीपगृहाला 'फारोल' हा शब्द आला. परंतु शेकडो वर्षे दीपगृह म्हणजे उंचावर पेटवलेली आग, यापलीकडे फारशी सुधारणा झाली नव्हती. ज्योतीचा बहुतेक प्रकाश आकाशात व जमिनीकडे वाया जाई. समुद्राच्या वाट्यास थोडाच येई. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआं येथील दीपगृहात ओग्युस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञाने नव्या प्रकारचे भिंग बसवले. काचेची अनेक वर्तुळाकार कडी त्याने अशी रचली, की चहूकडे पांगणारा प्रकाश एकवटून क्षितिजाकडे वळावा. त्यामुळे साध्या वातीचा उजेडही कित्येक कोस जाऊ लागला. फ्रेनेल प्रकृतीने अगदी नाजूक होता, आणि त्यानंतर चारच वर्षांनी तो निवर्तला. त्याच्या भिंगांनी मात्र जगभरच्या खलाशांची वाट उजळली.

दीपगृहाच्या दिव्याचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे, कारण माझ्या आईच्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे. जवळजवळच्या दोन दीपगृहांची उघडझाप सारखी नसते. कोणाचा दिवा ठराविक क्षणांनी एकदा चमकतो, कोणाचा लागोपाठ दोनदा चमकून थांबतो. या खुणा नकाशांवर व छापील याद्यांत नोंदलेल्या असतात. काळोखात तांडेल मनात अंक मोजतो आणि म्हणतो, 'हा अमुक.' आपल्या गावातील माणूस जसा नुसत्या चालीवरून ओळखू येतो, तसेच हे. "आपण त्याला ओळखतो," हे पायांचे शब्द एका अडाणी खलाशाने लेकराची समजूत घालण्यासाठी म्हटलेले शब्द नव्हते. तो त्यांच्या धंद्यातला अनुभव होता.

जुन्या काळी दीपगृहाच्या रखवालदाराचे जिणे खडतर असे. सूर्यास्तास दिवा लावायचा, रात्रभर डोळ्यांत तेल घालून तो राखायचा, वात कातरायची, काजळी पुसायची, आणि उजाडताच विझवायचा. विझवल्यावरही काम संपत नसे. भिंगाभोवती दिवसा पडदे ओढावे लागत, नाहीतर जे भिंग रात्री उजेड बाहेर फेकते, तेच दिवसा सूर्यकिरणे आत एकवटून आग लावी. ज्यांच्यासाठी तो जागत असे, त्यांपैकी एकाचेही तोंड त्याने पाहिलेले नसे. सुखरूप गेलेले जहाज आभार मानायला थांबत नाही.

आग्वादचा मनोरा आशियातील सर्वांत जुना होय, असे वाटाडे सांगतात व पुस्तकांतही छापलेले आढळते. ते मात्र खरे नाही. ओरिसाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंटचे दीपगृह १८३८ सालचे आहे, आणि सिंगापूरनजीकचे हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ साली उजळले. आग्वादला खोट्या मोठेपणाची गरजही नाही. पोर्तुगीजांनी त्यानंतर लगेच, १८६५ साली, चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे गिया टेकडीवर दीपगृह उभारले. ते आजही तेवते आहे. आग्वादच्या जुन्या मनोऱ्याने ११२ वर्षे सेवा केली. १९६१ साली गोव्यावरील पोर्तुगीज राजवट संपली, निशाण बदलले, पण त्याचे काम तेच राहिले. अखेर १९७६ साली शेजारीच नवे, चौकोनी, उंच दीपगृह बांधण्यात आले, आणि जुन्याला विश्रांती मिळाली.

हे सर्व मी आईला आधी सांगितले नव्हते. आम्ही गेलो त्या दिवशी जुन्या मनोऱ्याचे दार बंद होते. आईने काठी भिंतीस टेकून ठेवली आणि दोन्ही तळहातांनी ती भिंत चाचपली. मग तिने विचारले, "रात्री हाच लागतो ना?"

मी म्हणालो, "हा नाही, आई. हा विझून पन्नास वर्षे होत आली. आता पलीकडचा लागतो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. इतक्या लांब येऊन तिला हे ऐकवावे लागले, याचे मला वाईट वाटले. हे आधीच सांगायला हवे होते, असे पत्नीने डोळ्यांनीच मला सुचवले.

भोवताली पर्यटकांची गर्दी होती, कोणी छायाचित्रे काढीत होते, कोणी तटावर बसून समुद्र पाहत होते. खाली कांदोळीचा लांबलचक किनारा पसरला होता. याच किनाऱ्याजवळ जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे मोठे मालवाहू जहाज वाळूत रुतले, आणि ते पुरते हटवायला २०१२ साल उजाडले. दीपगृहाच्या नजरेच्या टप्प्यात घडलेली ही गोष्ट. दिवा वाट दाखवतो. जहाज सावरायचे ते जहाजावरच्यांनीच.

घंटेची हकिकत

आता त्या दुसऱ्या घंटेकडे येऊ. जुन्या गोव्यात 'पवित्र टेकडी'वर संत ऑगस्टीनच्या संन्याशांचा एक भव्य मठ होता. १६०२ साली पूर्ण झालेल्या त्याच्या चर्चचा एक भग्न मनोरा आजही आभाळात उभा दिसतो. पोर्तुगालच्या सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, आणि १८३५ साली गोव्यातील हा मठ ओस पडला. राखणारे कोणी उरले नाही. १८४२ साली चर्चचे छत कोसळले. पुढे १९३१ साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला.

परंतु छत कोसळण्याच्या एक वर्ष आधी, १८४१ साली, मठाची मोठी घंटा तेथून काढून आग्वादच्या किल्ल्यावर नेण्यात आली होती. तिचे वजन सुमारे २,२५० किलो. गोव्यातील घंटांत जुन्या गोव्याच्या महामंदिरातील 'सोन्याची घंटा' पहिली, आणि ही दुसरी, असे मानतात. जी प्रार्थनेसाठी ओतली होती, ती आता समुद्रमुखावर वाजू लागली. १८६४ साली दिवा आला, तेव्हा ही घंटा त्याच टेकडीवर होती. सात वर्षे दोघांचा शेजार होता. १८७१ साली पणजीच्या अमलोद्भव मरियेच्या चर्चवर नवा घंटाघराचा मनोरा चढवला गेला, आणि घंटा तेथे नेऊन टांगली. ती आजही तेथेच आहे.

त्या दिवशी सायंकाळी आम्ही पणजीस मुक्कामास आलो. किल्ला संध्याकाळी बंद होतो. म्हणून ज्यांना दिवा पेटलेला पाहायचा असेल, त्यांनी नदीच्या अलीकडे मिरामारच्या वाळवंटात यावे. मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादचे टोक समुद्रात शिरलेले दिसते. आम्ही आईला खुर्चीवर बसवले. सूर्य बुडाला, पाण्यावरची लाली गेली, आणि टोकावर एक चमक झाली.

"लागला, आजी!" मुलगा ओरडला.

आई त्या दिशेला पाहत होती. तिने डोळे बारीक केले, मोठे केले, हाताची आडोशी धरली. मग हळूच म्हणाली, "मला नाही दिसत रे."

काय बोलावे हे कोणासही सुचेना. एवढ्यात मुलाने आपण होऊन तिचा हात हातात घेतला. दिवा चमकला की तो तिचा हात दाबी, आणि मावळला की सैल सोडून मोठ्याने अंक मोजी. पुन्हा चमक, पुन्हा दाब. पाचसात खेपांनंतर आईच्या ओठांची हालचाल दिसू लागली. तीही मोजत होती. अंक बरोबर येऊ लागला, तशी तिच्या मुद्रेवरची खिन्नता उतरत गेली. अंधार पुरता पडेपर्यंत ती दोघे तशीच बसून होती.

पायऱ्यांच्या तळाशी

दुसरे दिवशी रविवार. अमलोद्भव मरियेचे चर्च पणजीच्या मध्यभागी टेकडीच्या उतारावर आहे, आणि त्याच्या पुढचा नागमोडी, शुभ्र जिना सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे सोळाव्या शतकात लहानसे मंदिर होते. १६१९ साली ते मोठे बांधण्यात आले. लिस्बनहून सुखरूप आलेले खलाशी जुन्या गोव्यास जाण्यापूर्वी येथे उतरून देवाचे आभार मानीत, अशी परंपरा सांगतात.

तो जिना चढणे आईला शक्य नव्हते. "तुम्ही वर जाऊन या," ती म्हणाली, "मी इथे बसते." मी तिच्याजवळ तळाच्या पायरीवर थांबलो. रस्त्यावर मोटारी जात होत्या. इतक्यात वर घंटा वाजली.

लहान घंटा किणकिणते. ही तशी नव्हे. तिचा नाद खोल आहे, तो आधी छातीला जाणवतो आणि मग कानाला. आईने माझे मनगट घट्ट धरले.

"हीच," ती म्हणाली. "बोटीतून उतरल्यावर पायांनी मला इथे आणले होते. हा जिना मी चढले होते, त्यांचा हात धरून. तेव्हाही हीच वाजत होती." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हे मी विसरूनच गेले होते बघ. नुसता दिवाच लक्षात राहिला होता."

पाऊणशे वर्षे जी गोष्ट तिच्या मनाच्या तळाशी पडून होती, ती घंटेच्या नादाने वर आली. मी तिला त्या घंटेचा सारा इतिहास सांगितला: मठ कसा ओस पडला, घंटा आग्वादला कशी गेली, दिव्याशेजारी सात वर्षे कशी राहिली. ती लक्षपूर्वक ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे घर मोडले म्हणून ती गप्प नाही बसली." वरून मिस्साचे कोंकणी गायन ऐकू येऊ लागले, तेव्हा आम्ही दोघांनी पायरीवरच बसून मिस्सा ऐकली.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगून लेख आवरतो. आग्वादला सकाळी लवकर जावे. माथ्यावर सावली नाही आणि दुपारचे ऊन भाजून काढते. पावसाळ्यात जांभा दगड निसरडा होतो, म्हणून वृद्धांना हिवाळ्यातच न्यावे. नव्या दीपगृहावर ठराविक वेळी तिकीट काढून चढता येते. वेळ आधी विचारून घ्यावी. दिवा पेटलेला पाहण्यासाठी संध्याकाळ राखून ठेवावी. आणि पणजीस आल्यावर त्या शुभ्र जिन्याच्या नुसत्या छायाचित्रावर समाधान न मानता घंटा वाजेपर्यंत थांबावे.

असो. आम्ही मांजलपुरास परत आलो. आईची दृष्टी दिवसेंदिवस अधिकच मंदावत आहे, आणि गच्चीचा जिनाही आता तिला आधारावाचून चढवत नाही. तरी जपमाळ आटोपली की ती वर जायचे म्हणतेच. मुलगा तिला हात धरून नेतो आणि शेजारी बसतो. पश्चिमेला आमच्या गच्चीवरून दिसतात ती घरांची छपरे आणि पाण्याच्या टाक्या. तो तिचा हात धरतो, दाबतो, सैल सोडतो. मधूनच अभ्यासाच्या नाहीतर खेळाच्या विचारात त्याचे भान सुटते, आणि मग खालच्या खोलीत मला आईचा आवाज ऐकू येतो, "मोजतोस ना रे?"